कच्चे मडके कोण ठरवणार?

(तेर येथे झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बैठक तेरला घ्यायची ठरली तेव्हा आमच्यातल्याच काहींनी कुरकुर केली. जिल्ह्याच्या गावी घेतली असती तर एसटीची सोय झाली असती, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे चुकले नाही. पण आजचा विषय असा आहे की तो बोलायला तेरसारखी दुसरी जागा नाही.

कापसाचा भाव, ज्वारीचा भाव, वीजबिल, पीकविमा यांवर आपण दर बैठकीला बोलतो. आज त्याच्या एक पायरी मागे जायचे आहे. अमका देश पुढारलेला, तमका मागास. अमका जिल्हा प्रगत, तमका मागास. हे कोण मोजतो? कशाने मोजतो? आणि मोजून झाल्यावर मागासपणाचे कारण म्हणून काय सांगतो? हा पंडितांचा विषय आहे, आपले काय त्यात, असे कुणाला वाटत असेल तर एवढेच ध्यानात घ्या की २०१८ साली केंद्र सरकारने देशातल्या शंभरावर जिल्ह्यांची एक यादी केली. त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि आपला. तेव्हा तो उस्मानाबाद होता, २०२३ साली धाराशिव झाला. यादीला 'मागास जिल्हे' म्हटले नाही, 'आकांक्षित जिल्हे' म्हटले. शब्द गोड आहे. पाटी मात्र लागली ती लागलीच. ती पाटी पाहून सोयरिकीला आलेला माणूस, कर्ज द्यायला बसलेला बँकवाला, कारखान्याला जागा शोधणारा उद्योगवाला, सगळेच आपल्याकडे त्या पाटीच्या हिशेबाने पाहतात.

त्या यादीसाठी ४९ मापे लावली होती. आरोग्य आणि पोषण, शिक्षण, शेती आणि पाणी, बँकेची खाती आणि कौशल्य, रस्ते-वीज अशा पाच गठ्ठ्यांत ती बांधली होती. शेतीच्या गठ्ठ्यात ठिबकखाली क्षेत्र किती, पीकविमा किती जणांनी काढला, मातीपरीक्षणाच्या पत्रिका किती वाटल्या, असे रकाने आहेत. हमीभावाच्या तुलनेत बाजारात भाव काय पडला, हाही आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण खर्च वजा जाता शेतकऱ्याच्या घरात काय उरले, हा रकाना काही नाही.

आता तेरचे. गोरोबाकाकांच्या गावात बसलो आहोत, तेव्हा इथली गोष्ट इथल्याच माणसांना सांगायची आगळीक करतो. संतमंडळी काकांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईने विचारले, हे लाकडी थापटणे कशाचे? काका म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते याने ठोकून पाहतो. मग ही मडकीही ठोकून पाहा की, असे मुक्ताबाई म्हणाली आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे गप्प राहिले, नामदेवांनी मात्र तक्रार केली. काकांनी निकाल दिला की हे मडके कच्चे. नामदेव रुसले, पण पुढे विसोबा खेचरांकडे गेले आणि गुरू करून आले, असे परंपरा सांगते.

ही परंपरेतली कथा, तिच्यात भक्तीचा अर्थ आहे तो आहेच. आम्हाला त्यातले दुसरे एक दिसते. थापटणे काकांच्या हातात होते, कारण काकांनी जन्मभर मडकी घडवली, भाजली, विकली. त्यांच्या हाताला आवाज कळत होता. आज जगातल्या देशांच्या डोक्यावर जे थापटणे मारून फिरतात त्यांनी किती मडकी भाजली?

तेरची दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्याव्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तीत भडोच बंदराच्या आतल्या मुलखात दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत. एक पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. हे तगर म्हणजे आपले तेर, हे फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९०१ साली मांडले आणि ते मानले गेले. तगरहून भडोचला गाड्या भरभरून काय जात होते? साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल, फुलाच्या रंगाचे कापड. म्हणजे कापूस. रोममध्ये प्लिनी नावाचा लेखक त्याच शतकात कुरकुरत होता की आमचे सोने दरसाल हिंदुस्थानात जाते. इथल्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती बाई आहे, ती पाहिली नसेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत पाहून या. तशीच दुसरी इटलीत पाँपेई शहराच्या ढिगाऱ्यात सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले.

त्या काळात 'आकांक्षित' यादी केली असती तर तेर तिच्यात बसले नसते. बालाघाटचा डोंगर तेव्हाही इथेच होता, तेरणाही इथूनच वाहत होती, जमीन काळीच होती. मग 'तुमचा मुलूखच अवर्षणाचा, तुम्ही मागास राहणारच' असे जे सांगितले जाते त्याचे काय करायचे?

लगेच टाळ्या नकोत. त्या ग्रीकाने मलमलीचे वर्णन केले, तगर मोठे शहर आहे म्हणाला, पण त्या मलमलीचा कापूस ज्याने वेचला त्याला काय मिळाले ते लिहिले नाही. शहर श्रीमंत म्हणजे शिवार श्रीमंत असे नसते. तेव्हाही मोजणारा पेठेत उभा राहून मोजत होता. हा धागा सोडू नका, पुढे लागेल.

आता मोजमापाकडे येऊ. जगात सगळ्यात चालणारे माप म्हणजे दरडोई उत्पन्न. देशात वर्षभरात जे काही निर्माण झाले त्याची बाजारभावाने किंमत करायची, बेरीज मारायची आणि डोक्यांनी भागायचे. आपल्याकडे हा हिशेब पहिल्यांदा कुणी केला? दादाभाई नौरोजींनी. १८६७ ते १८७० च्या सुमाराच्या आकड्यांवरून त्यांनी काढले की हिंदी माणसाचे वर्षाचे उत्पन्न सरासरी २० रुपये आहे. मग त्यांनी ते तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ताडून पाहिले आणि दाखवून दिले की कैद्याला जे मिळते तेवढेही मोकळ्या माणसाच्या वाट्याला येत नाही. दादाभाईंनी मोजले ते लुटीचा पुरावा म्हणून. १९०१ साली त्यांचे पुस्तकही निघाले. अमेरिकेत सायमन कुझनेट्सने १९३४ साली तिथल्या संसदेसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडला तो मंदीत किती वाट लागली हे कळावे म्हणून, आणि त्याच अहवालात बजावले की या आकड्यावरून जनतेचे कल्याण ताडू नका. आज सगळे नेमके तेच करतात.

या बेरजेत काय येते आणि काय गळते हे आपल्या घरात बसून पाहू. घरची बाई पहाटे उठून वीस भाकरी थापते, ते उत्पन्न नाही. तीच बाई ढोकीच्या नाक्यावर खानावळीत वीस भाकरी थापील तर ते राष्ट्रीय उत्पन्न. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी-सास्तूरला भूकंप झाला. घरे पडली, माणसे गेली, बैल-गायी गेल्या. हे नुकसान उत्पन्नाच्या बेरजेतून वजा झाले नाही, तशी सोयच त्या हिशेबात नाही. नंतर जी नवी घरे बांधली, सिमेंट-लोखंड आले, ठेकेदार आले, ती सगळी बेरजेत चढली. दुष्काळात गावोगाव टँकर फिरतो, त्याचे भाडे उत्पन्नात धरले जाते. तुमची विहीर भरलेली असेल आणि तुम्ही फुकट पाणी पीत असाल तर त्या बेरजेत तुमचे स्थान टँकरच्या गावापेक्षा खालचे.

जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नाची तर आणखी गंमत आहे. उत्पन्न जिथे निर्माण झाले तिथल्या खात्यावर पडते. आपल्या जिल्ह्यातून दरसाल कोयते घेऊन जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. तो घाम तिकडच्या जिल्ह्यांच्या खात्यावर पडतो. तुमचा पोरगा पुण्याला चाकणच्या कारखान्यात लागला, त्याचे काम पुण्याच्या खात्यावर. त्याला जन्म देणे, वाढवणे, बारावीपर्यंत शिकवणे हा खर्च मात्र धाराशिवने केला. शिवाय जिल्ह्याचे बरेचसे आकडे जिल्ह्यात मोजलेलेच नसतात. राज्याचा एकूण आकडा घेऊन कसल्या ना कसल्या प्रमाणात जिल्ह्यांना वाटून दिलेला असतो. असे असले तरी मुंबई, ठाणे, पुणे वर आणि आपण खाली हे काही खोटे नाही. अंतर खरेच आहे. ते किती आहे ते सांगणारी फुटपट्टी वाकडी आहे, एवढाच मुद्दा.

देशादेशांची तुलना करताना दुसरा एक पेच पडतो. सगळे डॉलरमध्ये आणावे लागते. बाजारातल्या डॉलरच्या भावाने भारताचे दरडोई उत्पन्न आज अडीच-पावणेतीन हजार डॉलरच्या आसपास येते, अमेरिकेचे ८० हजारांच्या वर. पण पंडित म्हणतात, थांबा, भारतात स्वस्ताई आहे. तेरमध्ये जेवढ्यात माणूस केस कापून, चहा पिऊन घरी जातो तेवढ्यात न्यूयॉर्कमध्ये न्हाव्याच्या दुकानात बसताही येत नाही. म्हणून ते खरेदीच्या ताकदीचा हिशेब लावतात आणि त्या हिशेबाने आपण एकदम दहा हजार डॉलरच्या वर जातो. एका रात्रीत चौपट! देशाची एकूण बेरीज तर जगात तिसरी येते.

ही स्वस्ताई आली कुठून? न्हाव्याची मजुरी कमी, हमालाची मजुरी कमी, ज्वारी स्वस्त, डाळ स्वस्त, दूध स्वस्त. म्हणजे आपण स्वस्तात विकतो म्हणून देश श्रीमंत दिसतो. आणि आपण जे विकत घेतो त्यात डिझेल आहे, कीटकनाशक आहे, ट्रॅक्टरचा सुटा भाग आहे. त्यांना तेरचा भाव आणि न्यूयॉर्कचा भाव असा फरक फारसा नाही. तेव्हा खरेदीच्या ताकदीचे माप शहरातल्या पगारदाराला लागू पडते तसे कोरडवाहू शेतकऱ्याला पडत नाही. त्याचा माल स्वस्ताईच्या खात्यात आणि खर्च महागाईच्या.

१९९० साली पाकिस्तानचे महबूब उल हक आणि आपले अमर्त्य सेन यांच्या विचारातून संयुक्त राष्ट्रांनी नवे माप काढले. नुसते पैसे नकोत; माणूस किती जगतो, किती शिकतो आणि कमाई किती, या तिघांचा मिळून मानव विकास निर्देशांक. हे माप जुन्यापेक्षा पुष्कळ बरे, यात आम्हाला शंका नाही. यामुळेच कळले की श्रीलंका आपल्या कितीतरी पुढे आहे. २०२३ च्या आकड्यांवर काढलेल्या यादीत १९३ देशांत श्रीलंका ८९ वी, भारत आणि बांगलादेश दोघेही १३० वे. जगातला सगळ्यात बलाढ्य म्हणवणारा अमेरिका १७ वा. महाराष्ट्राचा असाच अहवाल २००२ साली निघाला, त्यात मुंबई सगळ्यात वर आणि गडचिरोली तळाला होती. पण त्यातही माणूस शाळेत किती वर्षे बसला ते मोजतात. बसून त्याला बेरीज येते का, आणि शिकून हाताला काम लागले का, ते नाही.

आता आपल्या अनुशेषाकडे वळू, कारण देशादेशांच्या तुलनेचा घरगुती अवतार तो. वि. म. दांडेकर, ज्यांनी नीळकंठ रथांबरोबर १९७१ साली गरिबीचे मोजमाप मांडले, त्यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली सत्यशोधन समिती नेमली गेली. १९८४ साली अहवाल आला. पद्धत सोपी होती. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने, पिण्याचे पाणी अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला लागणारा पैसा म्हणजे त्याचा अनुशेष. एकूण अनुशेष निघाला ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. त्यानंतर दहा वर्षांनी, १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून, निर्देशांक आणि अनुशेष समितीने पुन्हा मोजले तर एकूण १४,००६ कोटी ७७ लाख, आणि मराठवाड्याचा ४,००४ कोटी ५५ लाख. मधल्या काळात रुपया स्वस्त झाला, मापेही सारखी नव्हती, म्हणून पाचपट वाढला असे म्हणणे बरोबर नाही. पण मराठवाड्याचा वाटा शंभरात साडेतेवीसवरून साडेअठ्ठावीसवर गेला, त्याला महागाईचे कारण चालत नाही. इकडे पैसा येत होता, पण तिकडे त्याहून वेगाने जात होता. १९९४ साली घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली वैधानिक विकास मंडळे आली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. विजय केळकरांची समिती २०११ साली नेमली, २०१३ साली तिने अहवाल दिला. तिने जिल्ह्याच्या खाली तालुक्यापर्यंत उतरून पाहिले, हे चांगले केले. जिल्ह्याच्या सरासरीत उसाचा पट्टा आणि माळरान एकत्र मिसळून जातात.

या अनुशेषाच्या हिशेबातली एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. सिंचन कशाने मोजायचे हा प्रश्न आला. एक हेक्टर ऊस भिजवणे आणि एक हेक्टर ज्वारी भिजवणे सारखे नाही. उसाला किती तरी पट पाणी लागते. म्हणून सगळ्या पिकांचे पाणी एका मापात आणले आणि ते माप ठरले प्रमाणित रब्बी ज्वारी. इतक्या हेक्टर उसाचे पाणी म्हणजे इतक्या हेक्टर रब्बी ज्वारीचे पाणी. म्हणजे मंत्रालयात महाराष्ट्राचे पाणी तोलायला तराजूत जे वजन टाकले ते आपली ज्वारी! या ज्वारीला वजनकाट्यात एवढा मान आणि बाजारात काय, ते तुम्ही मला सांगायचे.

मोजणे झाले. आता कारणे.

पहिले कारण निसर्ग. ते आम्ही झटकून टाकत नाही. इथे शेती करणाऱ्याला पावसाची सरासरी सांगू नये. सरासरीएवढा पाऊस पडूनही जुलै-ऑगस्टात चाळीस दिवसांचा खंड पडला की कापसाची पातेगळ आणि सोयाबीन आडवे. भारतात हेक्टरी जेवढी रुई निघते त्याच्या चौपटीच्या आसपास ब्राझीलमध्ये निघते, आणि तिथलाही बहुतेक कापूस पावसावरच आहे; फक्त तो पाऊस भरपूर आणि वेळेवर. तेव्हा निसर्गाचा वाटा मोठाच आहे. पण निसर्ग सारखा असूनही फरक पडतो, हे कोरियाने दाखवले. १९४५ साली एका देशाचे दोन तुकडे झाले. माणसे तीच, भाषा तीच, तांदूळ तोच. दक्षिणेत आज दरडोई उत्पन्न ३० हजार डॉलरच्या वर आहे, उत्तरेत उपासमार होऊन गेली. असे का, याचे उत्तर राज्यव्यवस्थेत आहे, ज्याने कमावले त्याच्या हातात ते राहते की ज्याच्या हातात सत्ता तो ओढून नेतो यावर सगळे अवलंबून आहे, असे सांगणाऱ्या असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन या तिघांना २०२४ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. शेतकऱ्याला हे सांगायला नोबेल लागत नाही, पण मिळाले ते बरे झाले.

आपला कोरिया कुठे आहे? इथून पश्चिमेला बार्शीकडे. १९४८ पर्यंत मधून सरहद्द जात होती. पलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा, अलीकडे निजाम. पाऊस दोन्हीकडे बेभरवशाचा, जमीन सारखी, सोयरिकी दोन्हीकडे. बार्शीला छोटी रेल्वे १८९७ साली आली. तीच पुढे सरकत लातूरला पोचायला १९११ उजाडले. पलीकडे मराठी शाळा, इकडे सरकारची भाषा उर्दू. १९५१ च्या जनगणनेत मुंबई राज्यात शंभरात चोवीस माणसे साक्षर होती, हैदराबाद राज्यात जेमतेम नऊ. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले १९५८ साली. आपल्या आजोबा-पणजोबांनी कापूस, गळिताचे धान्य बार्शीच्या पेठेत का नेले, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

मात्र निजाम जाऊन पाऊण शतक उलटले. अजूनही सगळे त्याच्याच माथी मारणारे पुढारी आपल्याला ठाऊक आहेत. त्यांची सोय होते, दुसरे काय.

दादाभाईंचे कारण होते संपत्तीचा निचरा: इथले निर्माण तिकडे वाहून जाते. इंग्रज गेल्यावर निचरा थांबला का? भारतातला शेतकरी काय मिळवतो आणि जगाच्या बाजारात त्याच मालाला काय मिळाले असते, याचा हिशेब पुढारलेल्या देशांच्या ओईसीडी या संघटनेने दिल्लीतल्या एका अभ्याससंस्थेबरोबर केला आणि २०१८ साली छापला. २०१४ ते २०१६ या वर्षांत, खताचे, विजेचे, पाण्याचे सगळे अनुदान जमेला धरूनही, शेतकऱ्याच्या शंभर रुपये उत्पन्नामागे आधार निघाला उणे सहा. त्याच वर्षांत जपान, नॉर्वे, स्वित्झर्लंड या देशांत तो अधिक चाळीसच्याही वर होता. उणे आधार म्हणजे काय हे कापूसवाल्यांना समजावून सांगायला नको. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात एका फटक्यात बंद केली होती, आठवडाभरात उठवावी लागली, पण भाव पडायचा तो पडला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बाहेरच्या कापसावरची ११ टक्के आयातकराची भिंत काढली, ती आपला कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर.

आणि हे एकट्या आपल्यावरच येते असे समजू नका. आफ्रिकेतले माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड हे चार देश कापसावर जगतात. २००१-०२ च्या हंगामात अमेरिकेने आपल्या सुमारे २५ हजार कापूसउत्पादकांना तीन अब्ज डॉलरहून जास्त अनुदान वाटले, जगाचा भाव कोसळला. २००३ साली या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत जाऊन सांगितले की आम्हाला मदत नको, तुमचे अनुदान थांबवा. ब्राझील फिर्याद घेऊन गेला, जिंकला, आणि २०१४ साली अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. माली-बुर्किना फासोच्या शेतकऱ्याला त्यातले काही आले नाही. मानव विकासाच्या यादीत ते देश आजही तळाशी आहेत, आणि तळाशी का, तर म्हणे तिथे शेतीतली उत्पादकता कमी.

इथे जरा थांबा, कारण आजच्या बैठकीतली गाठ इथेच आहे. शेतीतली उत्पादकता कमी, म्हणून देश मागास, जिल्हा मागास, असे सांगतात. उत्पादकता मोजतात कशी? माल गुणिले भाव, वजा खर्च, भागिले शेतात राबणारी माणसे. म्हणजे भाव पाडला की उत्पादकता आपोआप पडली! बोंड एकही कमी झालेले नसते. तेवढाच कापूस, तेवढीच वेचणी, पण भाव चढा असेल त्या साली आपण 'उत्पादक' आणि पडेल त्या साली 'अडाणी, जुनाट, सुधारणा न करणारे'. भाव पडल्याचा परिणाम उचलून मागासपणाचे कारण म्हणून आपल्याच माथी मारायचा. आपले एकरी पीक खरोखर कमी आहे, ते वर सांगितलेच, ते लपवायचे नाही. पण त्यातले किती पावसाचे, किती बियाण्याचे, किती आपल्या आळसाचे आणि किती भावाचे, हे वेगवेगळे करून कुणी दाखवले आहे?

म्हणून आम्ही ठरवले की थापटणे एकदा आपल्या हातात घेऊन पाहू. मागच्या रब्बीपासून आमच्या दहा-बारा घरांनी वह्या ठेवल्या. रोजचा खर्च, रोजची आवक. वाटले होते सोपे काम आहे. पहिल्या महिन्यातच भांडणे लागली.

घरात खाल्लेली ज्वारी कोणत्या भावाने लिहायची? विकली असती त्या भावाने, की दुकानातून आणावी लागली असती त्या भावाने? कडबा बैलाने खाल्ला, तो आवक की खर्च? शेण शेतात गेले, ते कुणाचे? जमीन वडिलोपार्जित, तिचा खंड कुणाला दिला नाही, पण दुसऱ्याला लावली असती तर खंड आला असता, तो खर्चात धरायचा का? ही भांडणे आमच्या वहीतली, पण कृषिमूल्य आयोगाच्या वहीत हीच आहेत. खिशातून गेला तेवढाच खर्च म्हणजे त्यांचा ए-२. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए-२ अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरले की सी-२. स्वामिनाथन आयोगाने २००६ साली उत्पादनखर्चाच्या वर निदान निम्मे द्या म्हटले. २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकार म्हणाले दीडपट देतो, पण ते ए-२ अधिक एफएलच्या दीडपट. सी-२ च्या दीडपट मागणारे आणि दिले म्हणणारे दोघेही आपापल्या फुटपट्टीने खरे बोलतात.

आमच्या वहीत सी-२ ने मांडले तर एकही घर नफ्यात नाही. ए-२ ने मांडले तर बहुतेक घरे नफ्यात. वही तीच, घरे तीच. एक पोरगा म्हणाला, मग आपण गरीब आहोत की नाही ते नक्की सांगा. कुणालाच सांगता आले नाही.

शेवटचा तंटा अजून मिटलेला नाही, तो या बैठकीपुढे ठेवायचा आहे. खुरपणी आणि वेचणी घरच्या बायांनी केली. त्यांची मजुरी लिहायची यावर एकमत झाले. किती? गावात बाईमाणसाचा रोज पुरुषाच्या रोजापेक्षा कमी आहे. एका आजीने विचारले, दुसऱ्याच्या रानात मला कमी देतात ते देतात, पण घरच्या वहीत माझा रोज कोणत्या दराने लिहिणार? आमच्यातले निम्मे म्हणतात, बाजारात जो दर आहे तोच लिहा, नाहीतर हिशेब खोटा होईल. निम्मे म्हणतात, कमी दर लिहिला तर ज्वारीचा खर्चही कमी दिसेल आणि ज्या कमी भावाविरुद्ध आपण ओरडतो त्याला आपणच घरातून पुरावा दिला. दोन्ही बाजूंची माणसे आज इथे आहेत, ती आजीही आली आहे.

जेवणाला अर्धा तास उशीर झाला आहे, भाकरी गार होतात. जेवून आल्यावर पहिला ठराव या दराचा. तोपर्यंत कोऱ्या वह्या मंडपाच्या दाराशी ठेवल्या आहेत. ज्यांना येत्या खरिपापासून लिहायची आहे त्यांनी नाव-गाव सांगून एकेक न्यावी, आणि पहिल्या पानावर कपाशीचे आणि ज्वारीचे क्षेत्र वेगवेगळे लिहावे.